चौदा एप्रिलचे जुळे

बर्गन, नॉर्वे
८ जून २००३

प्रिय शामकलाताई,
सप्रेम जयभीम.

आधी पाकिटातला फोटो बघ, मग पत्र वाच. बघितलास? ती खुशबू. चौदा महिन्यांची आहे, नागपूरच्या संस्थेत असते, आणि सगळं नीट पार पडलं तर तू तिची आत्या होणार आहेस!

विशाखा तीन दिवसांपासून फोटो पर्समध्ये घालून कामावर जाते. तिच्या वृद्धाश्रमातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवून झाला. एका आजीनं म्हणे सांगितलं की मुलीचं नाक अगदी विशाखाचं आहे. विशाखानं तिला काही समजावून सांगितलं नाही, घरी येऊन आरशात नाक मात्र दोनदा पाहिलं.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली ताई. दवाखाने, औषधं, सगळं तुला माहीतच आहे. मागच्या वर्षी आम्ही ठरवलं की आता दत्तक घ्यायचं आणि मूल आपल्याकडचंच घ्यायचं. तुम्हाला आत्ता सांगतोय, कारण आधी सांगून मग काही झालंच नसतं तर बाबांना कसं तोंड दाखवलं असतं!

पण कागद, ताई, कागद! पगाराचा, तब्येतीचा, पोलिसांचा, घराच्या नकाशाचा. इथली समाजसेविका घरी येऊन न्हाणीघरातल्या पाण्याचा गरमपणासुद्धा मोजून गेली. मी गोदीत जहाजं जोडतो, एवढे कागद तर अख्ख्या जहाजाला लागत नाहीत. तिकडून दोनच हवेत: माझ्या जन्माचा दाखला आणि आमच्या लग्नाचा. लग्न बाबांनीच लावलं होतं, तेव्हा नोंदणीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. बूथवरून फोन केलास तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून पत्रच पाठव. लवकर!

तुझा,
ईश्वरदास

*

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव
२७ जून २००३

प्रिय ईश्वर,
जयभीम.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मी ते ऑफिसात वाचलं आणि रडू आलं. शिपाई घाबरून पाणी घेऊन आला. मुख्याध्यापिका रडते म्हटल्यावर त्याला वाटलं, तपासणीचं पत्र आलं.

फोटो घरी नेला. बाबांनी चष्मा पुसून पाहिला, मग उजेडात नेऊन पाहिला. म्हणाले, "पोट्टी हुशार दिसते." आणि खिशात घातला. अजून परत दिलेला नाही. धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, चिखलात फोटो जाईल म्हणून मी मागितला, तर म्हणाले, "तुले कायले पायजे? तुह्या डोक्यात बसला ना तो!"

लग्नाचं काम झालं. निमंत्रणपत्रिका आईनं जाण्याआधी पेटीत जपून ठेवली होती. लग्न लावणारे बौद्धाचार्य म्हणून बाबांनी सही केली आणि ग्रामपंचायतीनं दाखला दिला. सोबत जोडला आहे.

जन्माचा दाखला मात्र ग्रामपंचायतीकडे नाही, इतकी जुनी नोंद त्यांच्याकडे नाहीच. म्हणून आपल्या शाळेतून तुझी टी.सी. काढली. म्हणजे मीच अर्ज घेतला, मीच रजिस्टर उघडलं आणि मीच सही केली. जन्मतारीख १४ एप्रिल १९५७. त्याच्या वरच्या ओळीत मी आहे, माझीही १४ एप्रिल १९५७. कागदावर आपण जुळे आहोत रे! बकाराम गुरुजींनी आपल्या मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांना बाबासाहेबांच्या जयंतीलाच जन्माला घातलं आहे.

तुझी,
ताई

*

बर्गन
१५ जुलै २००३

प्रिय ताई,
जयभीम.

घात झाला. नागपूरहून पत्र आलं. संस्थेचा नियम असा, की इतकं लहान मूल द्यायचं तर आईबापाच्या वयाची बेरीज नव्वदच्या वर नको. विशाखा पंचेचाळीस. मी कागदावर शेहेचाळीस. एक्याण्णव.

एका वर्षानं, ताई! आणि ते वर्ष माझं नाहीच. तुझ्यापेक्षा मी दोन वर्षांनी लहान, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वर्गात सगळ्यांत बुटका मीच होतो. पण पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला, म्हणून तिथंही सत्तावन्नच आहे. गुरुजींनी डोळे मिटून तारीख ठोकली आणि भोगतोय मी.

संस्था खुशबूला आमच्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत थांबवणार आहे. तोवर खऱ्या वयाचा पुरावा आला नाही, तर रांगेतल्या पुढच्या जोडप्याला तिचा फोटो जाईल. तसं पत्रात स्पष्ट लिहिलंय.

आता एक बोलतो, रागावू नको. रजिस्टर तुझ्याच कपाटात आहे. शिक्का तुझा, सही तुझी. नवी टी.सी. दे आणि साल एकोणसाठ लिही. इतकंच. खोटं काही नाही त्यात, मी एकोणसाठचाच आहे. आधीची चुकून लिहिली गेली म्हणून सांगता येईल. रजिस्टर उघडून पाहायला नॉर्वेहून कोण येतंय?

खोली रंगवायला घेतली आहे. विशाखाला पिवळा हवा होता, मला हिरवा. पिवळा लावतोय.

ईश्वरदास

*

केशोरी
२ ऑगस्ट २००३

प्रिय ईश्वर,
जयभीम.

टी.सी.बद्दल नंतर बोलू. आधी आनंदाची बातमी ऐक. तू सापडलास!

पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा, त्या कोतवाल बुकात बघा, असं संस्थेच्या नागपूरच्या वकीलबाईंनी सुचवलं. मी रजा टाकून अर्जुनीला गेले. ते म्हणाले, तेव्हा हा तालुका नव्हता, जिल्ह्याला विचारा. गोंदियाला गेले. तिथला बाबू म्हणाला, "मॅडम, ये जिला तो निन्यानवे में बना, आप भंडारा जाइए." भंडाऱ्याला गेले. ते म्हणाले, तुमचं गाव तेव्हा साकोली तालुक्यात, बुकं साकोलीलाच असतील. चार कचेऱ्या फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी चहा पाजला, हे मात्र खरं.

साकोलीच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस धूळ खाल्ली. पानं हाताला लागताच तुटतात. सत्तावन्नच्या ऑगस्टमध्ये "हिरालाल, मुलगी". ती मी. आणि एकोणसाठच्या जुलैच्या अकरा तारखेला "हिरालाल, मुलगा". मी तिथंच टाळी वाजवली. बाबू म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "भाऊ झाला."

अडचण एकच. कोतवालानं नाव लिहिलेलं नाही, नुसतं "मुलगा". वकीलबाई म्हणतात, हा मुलगा म्हणजेच ईश्वरदास, आणि शाळेतली तारीख कशी चुकली, हे वडिलांनी तहसीलीत शपथेवर लिहून द्यायला हवं. मग सगळं कोर्टापुढे ठेवता येईल. बाबांचा गुडघा जरा धरला आहे. पुढच्या आठवड्यात नेते.

तुझी,
ताई

*

बर्गन
२४ ऑगस्ट २००३

ताई,
जयभीम.

नक्कल मिळाली. दहा वेळा वाचली. इथल्या कचेरीतल्या बाईंना दाखवली, तर त्या विचारतात, पासपोर्टवर जन्म भंडारा जिल्ह्यात आणि बाकी कागदांवर गोंदिया जिल्ह्यात, हे कसं? मी म्हटलं, बाई, मी हललो नाही, जिल्हा हलला. त्या हसल्या आणि तेही लिहून द्या म्हणाल्या.

पण बाबांचं प्रतिज्ञापत्र कुठं आहे? एक पत्र गुडघ्याचं झालं. परवा फोनवर म्हणालीस, आता पावसाचं. पाऊस काय यंदाच पडतोय तिकडे? या गुडघ्यानं ते आपल्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत डोंगर चढून जातात, आणि अर्जुनीच्या तहसीलीच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत?

ताई, मला कळतं. बाबांना ती नको आहे. कुणाची, कुठली, कोणत्या घरची, हेच ना? जन्मभर विहारात उभं राहून सगळी माणसं सारखी म्हणून सांगायचं, आणि स्वतःच्या घरात यायची वेळ आली की गुडघा! त्यांनी मला तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोकांसमोर पंचशील द्यायला लाज कशी वाटत नाही म्हणावं.

विशाखाला यातलं काही सांगितलेलं नाही. ती झबली शिवते आहे.

ईश्वरदास

*

केशोरी
६ सप्टेंबर २००३

ईश्वर,

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला, की तू समोर असतास तर छडीच घेतली असती. तू साफ चुकतो आहेस. पण चूक माझीही आहे. मी तुझ्यापासून दोन गोष्टी लपवल्या.

पहिली. बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. ते तीन वेळा नाही म्हणाले. का, ते सांगेनात. दर वेळी फोटो खिशातून काढायचे, बघायचे आणि म्हणायचे, "मले तहसीलीत नोको नेऊ." मलाही तुझ्यासारखंच वाटायला लागलं होतं.

दुसरी. तीस तारीख जवळ येत चालली, बाबा हलेनात, म्हणून परवा मी तू म्हणालास ते केलं. मधल्या सुट्टीत दार लोटून टी.सी.चं कोरं पान घेतलं, साल एकोणसाठ लिहिलं, सही केली. शिक्का उचलला आणि बाबा आत आले. माझा डबा घरी राहिला होता, तो घेऊन आले होते. त्यांनी कागद वाचला.

"एकोणसाठ? बुकात तं सत्तावन आहे ना?"
"हो बाबा. पण खरं साल एकोणसाठच."
"साल खरं. कागद लबाड."
"मग काय करू? तुम्ही तर येऊन नाही राहिले!"

ते खुर्चीवर बसले. माझ्यासमोर, पालक बसतात त्या खुर्चीवर. आणि म्हणाले, "त्या बुकात एक लबाडी माही आहे. दुसरी तुही नोको."

ईश्वर, गुरुजींनी काहीच केलं नव्हतं. त्रेसष्ट साली मला शाळेत घालायचं होतं. मोहल्ल्यातली एकही मुलगी तेव्हा शाळेत जात नव्हती. आई म्हणाली, एकटी पोर वीस पोरांत बसणार नाही, भाऊ संगं जात असेल तरच पाठवीन. तू चार वर्षांचा. बाबा दोघांना घेऊन गेले. गुरुजींनी तुला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगितला. सहा वर्षांच्या पोराचा पोचतो, तुझा हात कानापर्यंत पोचेना. गुरुजी बाबांकडे पाहत राहिले. बाबा म्हणाले, "सहा पूर्ण. दोघंही एका दिवसाचे." गुरुजींनी लिहून घेतलं, कारण हिरालाल लबाड बोलत नाही हे केशोरीला ठाऊक होतं.

आणि पुढं चाळीस वर्षं आपण गुरुजींना नावं ठेवली, बाबा ऐकत राहिले. गुरुजी वारले तेव्हासुद्धा बोलले नाहीत. दर पौर्णिमेला लोकांना चौथं शील देतात, खोटं बोलणार नाही म्हणून वदवून घेतात. आता भर तहसीलीत, गावच्या दोन साक्षीदारांसमोर, मी खोटा म्हणून लिहून द्यायचं, हे त्यांच्यानं होत नव्हतं. खुशबूचा त्यात काही संबंध नव्हता.

मी ती टी.सी. फाडली. माझ्यासाठी तुझं वय वाढवलं होतं रे. मी शिकले, मास्तरीण झाले, ती तुझ्या दोन वर्षांवर. आणि आज त्याच दोन वर्षांपायी तुझी मुलगी अडली आहे. मला काही सुचत नाही. बाबा उठून घरी गेले.

ताई

*

केशोरी
९ सप्टेंबर २००३

ईश्वर, बाबा सांगतात तसं लिहिते. एक अक्षर बदलू नको म्हणाले आहेत.

"ईश्वरदास, जयभीम. तुह्या पत्रातलं सारं मी वाचलं. शामकलानं लपवून ठेवलं होतं, मी काढून वाचलं. पंचशील द्याची लाज काऊन नाही वाटत म्हनून तू लिवलं. वाटते. चाळीस वर्सं वाटते. तू बराबर लिवलं, पर कारन गलत लिवलं.

काल अर्जुनीले गेलो. सारं सांगतलं. लिवनारा म्हने, बाबाजी, नजरचुकीनं तारीख चुकली असं लिवू, चालते. मी म्हनलो, नजर साबूत होती, लबाड बोललो असं लिव. गुरुजीचा काही कसूर नाही, हेही लिव. सही केली. अंगठा नाही, सही. कागद आज स्पीड पोस्टानं नागपूरले गेला.

पोट्टीचा फोटो चुरगळला आहे. दुसरा पाठव. सूनबाईले सांग, झबली मोठी शिव. लेकरं लवकर वाढतेत."

पुढचं माझं. घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ताई

*

बर्गन
२६ सप्टेंबर २००३

बाबा आणि ताई,
सविनय जयभीम.

कागद वेळेत पोचला! संस्थेनं मान्य केलं, आता कोर्टात सुनावणी. खुशबूला थांबवून ठेवलंय. फोन आला तेव्हा मी गोदीत शिडीवर होतो. खाली उतरून पहिल्यांदा दिसलेल्या माणसाला मिठी मारली. तो आमचा मुकादम निघाला.

बाबा, मी जे लिहिलं त्याला माफी कशी मागू कळत नाही. मी पत्र पाच वेळा फाडलं. ताईला खोटा कागद करायला मीच सांगितलं, आणि लाजेच्या गोष्टी तुम्हाला शिकवल्या. विशाखाला आता सगळं सांगितलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, ते ठीकच झालं. ती म्हणते, त्या दोन वर्षांबद्दल बाबा आपलं काही देणं लागत नाहीत. मला तर ती वर्षं आठवतच नाहीत, ताईच्या शेजारी बसून पाटी चाटल्याचं आठवतं.

तुमचा,
ईश्वरदास

*

केशोरी
२३ नोव्हेंबर २००३

प्रिय ईश्वर आणि विशाखा,
जयभीम.

वकीलबाईंनी फोनवर निकाल सांगितलाच असेल, तरी मी पहिल्यापासून सांगणार. ऐकायचंच!

बाबांनी पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर कोट. नागपूरला पहाटेच्या गाडीनं गेलो. न्यायाधीशबाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, शाळेचा आणि कोतवालाचा. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही स्वतः लिहिता की खोटं बोललो. मग आज खरं बोलता हे मी कशावरून मानू?"

बाबा म्हणाले, "माहं मानू नोका बाई. कोतवालाचं माना. त्याले ना पोरगी शिकवाची होती, ना नातीन आनाची होती. त्यानं जे झालं थे लिवलं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "आणि ती मुलगी शिकली का?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे उभी आहे ना. थ्याच शाळेत हेडमास्तरीन आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आता तुमच्याच ताब्यात असतं?" मी हो म्हटलं. "तरी त्यात खाडाखोड नाही," त्या म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. मी खाली पाहत उभी राहिले. त्या फाडलेल्या टी.सी.ची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, पण मला होती. मग त्यांनी आदेश वाचून दाखवला. खुशबू, ईश्वरदास आणि विशाखाच्या स्वाधीन! बाबांनी कोर्टातच हात जोडून "साधु, साधु" म्हटलं.

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली. चौथ्या शीलाशी बाबा थांबले आणि सगळी हकीकत लोकांना सांगून टाकली. मग म्हातारे पतिराम उठले आणि म्हणाले, "हिरालाल, माहे तीनही पोट्टे चौदा एप्रिलचेच आहेत. मीबी सांगतलं होतं." मागून अजून एक उठला. मग एक बाई उठली. शेवटी बसलेले कमी आणि उभे जास्त झाले, आणि विहारात इतका हशा पिकला, की बाबांना शील पुन्हा पहिल्यापासून द्यावं लागलं.

कधी येता?

तुमची,
ताई

*

नागपूर
९ जानेवारी २००४

प्रिय ताई आणि बाबा,
सप्रेम जयभीम.

काल सुखरूप पोचलो. खुशबूचा पासपोर्ट सोमवारी मिळणार आणि बुधवारी उडायचं. तुमच्याकडचे चार दिवस कसे गेले कळलं नाही. ती अजून दर अर्ध्या तासानं दाराकडे बघून "बाबाजी" म्हणते आहे. आम्हाला दोघांना अजून ती काहीच म्हणत नाही, नुसतं बोट धरते. विशाखा म्हणते, घाई नाही.

तुम्ही केशोरीच्या स्टँडवर हात हलवत होतात आणि बस सुटली, त्यानंतरचं सांगतो. कंडक्टर आला. मी म्हटलं, "साकोली, दोन फुल, एक हाफ." त्यानं विशाखाच्या मांडीवर पाहिलं.

"थे लेकरू कितीचं आहे?"
"पावणेदोन वर्षांचं."
"मंग तिकीट कायले? पाच वर्साच्या आतलं फुकट आहे भाऊ."
"असू द्या. एक हाफ फाडा."
"अहो, लागत नाही म्हनतो ना! कोनी इचारत नाही."
"माहीत आहे. तरी द्या."

त्यानं मला वेड्यात काढलं, बसभर लोक बघायला लागले. मग विशाखाच म्हणाली, "द्या ना भाऊ, आमची मुलगी आहे." तिनं हे मोठ्यानं, चारचौघांत, पहिल्यांदा म्हटलं. कंडक्टरनं हाफ तिकीट फाडलं, टोचलं, आणि माझ्या हातात न देता वाकून खुशबूच्या हातात दिलं.

तिनं ते साकोलीपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

तुमचे,
ईश्वरदास, विशाखा, खुशबू